कापसातल्या गुलाट्या

तेरवीची शेवटची पंगत उठली, आणि मी एकदाची वंदीच्या खोलीत जाऊन बसले. बाहेर मांडवात बायका पातेली घासत होत्या. खोलीत अंधार होता आणि सरकीचा वास होता, तेलकट, कोमट, घशात बसणारा. नागपूरहून निघून तिगावला उतरेपर्यंत आणि तिथून ऑटोनं गावात येईपर्यंत मी मन घट्ट करून ठेवलं होतं. मामीच्या हार घातलेल्या फोटोपुढेही डोळे कोरडे राहिले. आणि या वासानं माझी पार वाट लावली.

"का वो, रडून राहिली का?" वंदीनं भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"नाई. धूर गेला डोळ्यात."

"चूल तं मांगच्या आंगनात हाय. इथवर कोणता धूर येते?"

वंदी माझी मामेबहीण, माझ्याहून वर्षभरानं मोठी. पंधराएक वर्षांपासून ती या खाटेवर आहे. छातीखाली तिला काही कळत नाही, हातांत थोडा जीव आहे, आणि जीभ मात्र जशीच्या तशी. तिला दर थोड्या वेळानं एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करावं लागतं. नाही केलं तर कातडी लाल होते, मग फुटते, मग जखम हाडापर्यंत जाते आणि माणूस त्यातच जातो. डॉक्टरनं पहिल्याच वर्षी हे स्पष्ट सांगितलं होतं. मामीनं ते असं मनावर घेतलं की इतक्या वर्षांत तिनं कोणाच्या लग्नात जेवण केलं नाही, की माहेरी मुक्काम केला नाही. आता मामी गेली. तेरा दिवस सुतकाला आलेल्या बायकांनी आळीपाळीनं निभावलं. उद्या सगळ्या आपापल्या गावी. उद्यापासून वंदीला कोण पालटणार, हा एकच प्रश्न त्या घरात होता, आणि सकाळपासून तो सोडून जगातलं सगळं बोलून झालं होतं.

या खोलीत आधी कापूस राहायचा.

आमचं घर पांढुर्ण्यात, बाजाराच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. मामाचं गाव म्हणजे आमची सुटका. दिवाळीच्या सुट्टीत पॅसेंजरनं तिगावला उतरायचं, मामा बंडी घेऊन उभाच असायचा. बंडीत खाली संत्र्याच्या पेट्यांमधली तणस अंथरलेली, तिला सालींचा वास. बैलांच्या गळ्यातल्या घाट्या, चाकाची करकर, आणि दोन्ही बाजूंना पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटलेली. पहिल्या वेच्याच्या दिवशी मामी सीतादही करायची. धुऱ्याजवळच्या, शेताच्या बांधावरच्या झाडाशी दहीभात ठेवायची, पदर डोक्यावरून घेऊन काहीतरी पुटपुटायची. काय पुटपुटते ते आम्हाला कधी सांगितलं नाही. मग वेचणाऱ्या बायका ओळीनं शेतात उतरायच्या आणि संध्याकाळी डोक्यावर एवढाली गाठोडी घेऊन अंगणात यायच्या. त्या गाठोड्याखाली बाई दिसायची नाही, नुसते पाय चालत यायचे.

ती गाठोडी या खोलीत रिकामी व्हायची. भाव चढेपर्यंत कापूस घरात ठेवायचा, ही आमच्याकडची रीत. कापूस मोठा लबाड माल. दिसतो डोंगराएवढा आणि दाबला की मुठीत मावतो. म्हणून तो तुडवायला पोरं लागायची. मोठ्या माणसाचा पाय खोल रुततो, पोराचं वजन कसं बरोबर पडतं, असं मामाचं म्हणणं. हातपाय धुऊन आम्हाला आत सोडलं जायचं. मामा एकेकाला बगलेत धरून ढिगावर भिरकावायचा. वंदीला तर त्यानं ती नीट चालायलाही लागली नव्हती तेव्हापासून फेकलेली. तिच्या गुलाट्यांचा पहिला मास्तर मामाच.

कापसाच्या आत शिरलं की बाहेरचे आवाज बंद होतात. मामीची हाक, बैलाचं हंबरणं, गिरणीची टुकटुक, सगळं दूर कुठेतरी. आतून तो ऊबदार असतो, कधी कधी चक्क गरम. नाकात कचरा जातो, वाळक्या पानांचा चुरा गळ्यात उतरतो. संक्रांतीपर्यंत कापूस जुना झाला की चावायला लागतो. बारीक काहीतरी असतं त्यात, दिसत नाही, पण रात्रभर अंग खाजवून खाजवून लाल. मामी खोबरेल तेल लावता लावता तोंडाचा पट्टा सोडायची, "जा अजून! नाचा अजून! सोन्यासारखा माल कवडी करून टाकला पोट्ट्यायनं." कवडी म्हणजे डागाळलेला, पिवळा पडलेला कापूस. आमच्या पायांनी कापूस पिवळा पडतो यावर मामीचा पक्का विश्वास होता. पण दार लावून घ्यायची नाही कधी.

आम्ही बाकीचे नुसते लोळायचो. वंदी मात्र शिकत गेली. पुढचं तिला कोणी शिकवलं नाही, कापसानं शिकवलं. साधी गुलाटी, उलटी गुलाटी, हातावरून चक्री. मग तिनं खोलीतली ज्वारीची पत्र्याची कोठी हेरली. कोठी पुरुषभर उंच. वर चढायचं, ढिगाकडे पाठ करायची, दोन्ही हात वर, नाकानं एक मोठा श्वास, आणि मागच्या मागे हवेत एक आख्खं चक्कर घेऊन कापसात. क्षणभर काहीच ऐकू यायचं नाही. मग धुप्प. मग पांढऱ्यातून तिचं काळंसावळं तोंड वर यायचं, केसांत, भुवयांत, कानांत कापूस.

एकदा मी विचारलं, भ्या नाही वाटत का? ती म्हणाली, "वाटते नं. वर असताना लय वाटते. पन खाली कापूस हाय हे मालूम असते नं वो."

त्या सुमाराला टीव्हीवर क्रिकेटच्या त्या नव्या मॅचा सुरू झाल्या होत्या, चौकार लागला की मैदानाच्या कडेला पोरी नाचायच्या त्या. मामाकडे सारं आवार मॅच बघायला जमायचं. बापे खेळाडू बघायचे, काही बापे त्या पोरी बघायचे, आणि बायका त्यांच्या कपड्यांवरून नाक मुरडायच्या. वंदी चौकाराची वाट बघायची, कारण त्यातल्या एकदोघी धावत येऊन उलट्या गुलाट्या मारायच्या. कॅमेरा त्यांच्यावर नीट थांबायचाच नाही. "अरे दाखव नं, दाखव नं," म्हणून ती टीव्हीपुढे हात चोळत बसायची. कोण जिंकलं, तिच्या गावीही नसायचं.

मामाला तिचं काय कौतुक होतं. पाहुणा आला, चहा झाला, की "वंदे, दाखव पाहुण्यायले." सावरगावचे एक व्याही आले होते, गोटमारीत, म्हणजे दोन गावांच्या दरवर्षीच्या दगडफेकीत, फुटलेली कपाळं अभिमानानं मिरवणाऱ्या घराण्यातले. त्यांनी तिची गुलाटी पाहिली आणि म्हणाले, पाटील, पोरगी अशी उलटीसुलटी उडवता, उद्या लग्नाचं काय? मामा म्हणाला, "उद्याचं उद्या पाहू. तुमच्या गावात बापे दगडं खातात तेव्हा लग्नाचं विचारता का?" मामी आत पदरात तोंड घालून हसत होती. शाळेतल्या खेळाच्या बाई तिला छिंदवाड्याला न्यायचं म्हणत होत्या, मोठ्या निवडीला. तिथं म्हणे जाड गाद्या असतात निळ्या रंगाच्या. वंदीनं विचारलं होतं, आत कापूसच असतो का?

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. तेव्हाही मी इथंच होते, शाळेला सलग काही सुट्ट्या जोडून आल्या होत्या. या खोलीला मागच्या गल्लीत उघडणारं एक दार आहे. आता ते बुजवलंय, पण भिंतीवर गिलाव्याचा रंग वेगळा दिसतो. पहाटे व्यापाऱ्याचा टेम्पो त्या दाराशी लागला. मामानं आणि गड्यानं मागून कापूस भरला. टेम्पो भरला तसं उरलेलं उद्या नेऊ म्हणून थांबले आणि मामा टेम्पोत बसून सौंसरला गेला. घरात कोणाला सांगायचं कारणच नव्हतं. माल विकणं बाप्यांचं काम.

तुडवून तुडवून घट्ट झालेला कापूस मागून काढला तर पुढून ढासळत नाही. तसाच उभा राहतो. खोलीच्या दारातून आम्हाला रोजचाच ढीग दिसत होता, कोठीच्या तोंडापर्यंत आलेला, पांढरा. मागं तो पोकळ झालेला. आत नुसती शेणानं सारवलेली जमीन होती.

दुपार होती. दारात बसून आम्ही पोरं बोरं खात होतो. वंदी वर चढली, पाठ केली, हात वर, श्वास. चक्कर इतकं सुंदर घेतलं तिनं त्या दिवशी. आजही डोळे मिटले की तेच दिसतं, आणि मला ते दिसू नये असं फार वाटतं. मग ती कापसात गेली आणि आवाज आला तो रोजचा नव्हता. बारीक होता, कोरडा. मग तिच्यावर उरलेला ढीग सावकाश खाली बसला. आम्ही हसलो. ती नेहमी आत लपून बसायची आणि कोणी जवळ गेलं की पाय धरून ओढायची. आम्ही तिची वाट बघत बोरं खात राहिलो.

मामी कशाला तरी आत आली. तिनं आमची तोंडं बघितली, कापसाकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी उपसायला लागली.

संध्याकाळी मामा परतला. हातात सौंसरची जिलेबी, वर्तमानपत्राच्या पुडक्यात, पाक झिरपून कागद पारदर्शक झालेला. अंगणात माणसं बघून तो थबकला. कोणीतरी सांगितलं की वंदीला नागपूरला नेलंय. त्यानं खोलीच्या दारातून आत पाहिलं. मग मागच्या दाराकडे पाहिलं. जिलेबीचं पुडकं त्यानं ओट्यावर ठेवलं, आणि त्याला मुंग्या लागल्या तरी दोन दिवस ते तिथून कोणी उचललं नाही.

पुढचं दवाखान्याचं मला फार आठवत नाही, आणि आठवायचंही नाही. स्पिरिटचा वास, लांब व्हरांडा, कोपऱ्यात बसलेली मामी, तिच्या अंबाड्यात अजून कापसाची बोंडकी. वंदी घरी आली ती या खाटेवर.

त्यानंतर या घरात कापूस भरला नाही. मामा शेतातूनच माल काटा करून देऊन टाकायचा, भाव कितीही पडलेला असो. फक्त दरवर्षी पहिल्या वेच्यातला थोडा कापूस तो ओट्यावर आणून ठेवायचा. मामी त्यातल्या थोड्याची पिंजाऱ्याकडून वंदीसाठी गादी करून घ्यायची आणि बाकीचा सरकीसकट उशांमध्ये दाबून भरायची. पाठीला टेकू द्यायला सरकीची उशी बरी, दबत नाही. वास येतो तो तिथून.

मामा स्वतः मात्र या खोलीत आला नाही. उंबऱ्यापर्यंत यायचा. ओट्यावर बसून भिंतीपलीकडून विचारायचा, "वंदे, जेवली का?" ती म्हणायची, "हव बाबा." बस, एवढंच बोलणं बापलेकीचं. पंधरा वर्षं! मागून कापूस काढला होता हे तोंडानं कोणी कधी बोललं नाही. मामीही नाही, वंदीही नाही.

मामी तिला पालटायची ते बघण्यासारखं होतं. हाडकुळी बाई, पण कुठे हात घालायचा ते नेमकं ठाऊक. तोंडानं चालूच, कोणाच्या सुनेनं काय केलं, कोणाची म्हैस व्याली. बोलता बोलता वंदी या कुशीवरून त्या कुशीवर. मग पाठीवरून तळहात फिरवायचा, कुठं लाल आहे का बघायला. थंडीत खाट अंगणात उन्हाला काढायची. वंदी उन्हात डोळे मिटून पडायची आणि मामी तिच्या केसांत तेल घालायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सुट्टीला आलेली पोरगी आईकडून लाड करून घेतेय.

अलीकडे वंदीच्या उशाशी एक मोबाईल आहे, तिच्या भावानं, दिलीपनं, तारेचा स्टँड करून त्यात बसवलेला. दिवसभर ती त्यावर गुलाट्या बघते. चीनच्या पोरी, रशियाच्या पोरी, कुठल्या कुठल्या कॉलेजातल्या झगमग कपडे घालून तीन माणसांच्या उंचीवर फेकल्या जाणाऱ्या पोरी. मागच्या खेपेला मला दाखवत होती. "हे पाह्य, किती मस्त उडाली. आता उतरताना गुडघे ताठ ठेवन पाह्य. ठेवले! म्हनलं होतं नं?" मला ते बघवत नव्हतं. मी म्हटलं, "कायले पाहत असते हे?" ती माझ्याकडे असं पाहून राहिली की मलाच माझी लाज वाटली. म्हणाली, "मंग काय भजन पाहू?"

तर तेरवीची दुपार. मांडवात एकदाचा विषय निघाला, आणि खोलीत आम्हा दोघींना सगळं ऐकू येत होतं. लोधीखेड्याची मावशी, म्हणजे मामाची बहीण, आवाज टिपेला लावून बोलत होती. दिलीपच्या बायकोला दिवस गेलेले, तिला उचलाउचल चालणार नाही. दिलीप हंगामात जिनिंगला पाळीवर जातो, आणि तो भाऊ माणूस. बाई ठेवायची तर गावात टिकत नाही. एक जण म्हणाला, नागपूरले आश्रम हाय म्हनते असा. दुसरा म्हणाला, आश्रमात कोण पालटते हो राती. उंटावरून शेळ्या हाकायला सगळे तयार, उतरायला कोणी नाही.

"मी करतो," मामाचा आवाज आला.

मग मावशी म्हणाली, "दादा, तुमी? जवान पोरगी हाय ते. तिचं सारंच करावं लागते. बापानं पोरीच्या आंगाले हात लावनं शोभते का? लोक काय म्हनतीन?"

"लोक येतीन का पालटाले?" मामा म्हणाला.

मी वंदीला म्हटलं, "तू माह्याकडं चाल. नागपूरले. मी करीन तुह्यं." खरंच मनापासून म्हटलं.

"कोणत्या माळ्यावर राहते तू?"

"तिसऱ्या."

"लिफ्ट?"

"नाई."

"आन दिवसभर ऑफिसात राहते. राहू दे, पोट्टे. तू रड, तेच बरं जमते तुले." असं म्हणून तिनं बोटांनी माझं मनगट धरलं. पकड अगदी हलकी होती, पण धरलं.

तेवढ्यात उंबऱ्यावर सावली पडली. मामा उभा होता. दुखवट्यात आलेला नवा सदरा काढून त्यानं खुंटीला लावला. बनियनवर तो फार म्हातारा दिसत होता, गळ्याखालची हाडं वर आलेली. हात ओले होते, धुऊन आलेला. एक पाय आत टाकला, थांबला, मग दुसरा टाकला. खाटेशी आला आणि तसाच उभा राहिला. कुठे हात घालायचा त्याला कळेना.

"येळ झाली नं पालटाची?" त्यानं मला विचारलं, तिला नाही.

उत्तर वंदीनंच दिलं. "झाली. माह्या पाठीमांगची उशी काढा. हं. आता वरचा गुडघा वाकवा. वाकवा बाबा, त्याले काही समजत नाई. एक हात गुडघ्यावर ठेवा, एक खांद्यामांगं. आता आपल्याकडं ओढा."

मामानं ओढलं. अर्ध्यावर आणून त्यानं सोडून दिलं. "दुखन तुले."

"भेता कायले? मोडाचं तं मोडून झालं."

मी उठले मदतीला. तिनं डोळ्यांनीच मला खाली बसवलं.

मामा खाटेच्या कडेला टेकला. तोंडावरून ओला हात फिरवला. "वंदे, त्या दिवशी मांगून कापूस…"

"मालूम हाय मले, बाबा," वंदी म्हणाली. "तवापासून मालूम हाय. आधी पालटा, मंग बोला. आंग भरून आलं माह्यं."

दुसऱ्यांदा त्याला जमलं. धसमुसळं, खाट करकरली, मामीच्या हातची सफाई त्यात नव्हती, पण वंदी या कुशीवर आली. इतक्या वर्षांनी बाप तिच्यासमोर, हातभर अंतरावर. दोघंही दमले होते. त्यानं तिच्या पाठीवर तळहात फिरवला, मामी फिरवायची तसा, आणि कुठं लाल दिसते का म्हणून वाकून पाहिलं.

माझ्या तोंडून निघून गेलं. निघायला नको होतं. "मामा, तुमचं वय झालं. तुमी किती दिवस पुरान?"

वंदी त्याच्याकडे बघत होती.

"पुरतीन," ती म्हणाली. "माह्यापेक्षा एक दिवस जास्त पुरले का झालं."

"हव," मामा म्हणाला. "देवाले तेच मागून राहिलो मी."

मग त्यानं तिचा खालचा हात अंगाखाली दबला का ते पाहिलं. दबला होता. तो त्यानं हळूच बाहेर काढला.